झाडपाल्याच्या औषधांनी होणारा यकृताचा अपाय आणि समुद्रातून मिळणारी संरक्षक द्रव्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरगुती औषधांची परंपरा अजून जिवंत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किरायत्याच्या वाळलेल्या जुड्या, साली आणि मुळे आजही मिळतात आणि ताप, पोटदुखी किंवा कावीळ झाली की अनेक घरांत पहिला काढा त्यांचाच होतो. दुसरीकडे, समुद्री शेवाळापासून केलेल्या कॅप्सूल ‘लिव्हरसाठी’ म्हणून विकल्या जात आहेत. झाडपाल्याच्या औषधाने यकृताला त्रास होऊ नये म्हणून या कॅप्सूल सोबत घ्याव्यात का, असे लोक विचारू लागले आहेत. पुढील उत्तरे अशा वाचकांसाठी आहेत.

वनस्पतींपासून केलेल्या औषधाने यकृताला खरोखर अपाय होतो का?

होतो. तो सर्वांना होत नाही आणि सर्व वनस्पतींमुळेही होत नाही, परंतु ज्याला होतो त्याच्यासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची जी राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, तिच्यातील सुमारे एक पंचमांश रुग्णांत कारण वनौषधी किंवा आहारपूरक गोळ्या असल्याचे आढळले आहे. भारतातील सर्वांत चर्चिलेले उदाहरण गुळवेलीचे, म्हणजे गोव्यातील अनेक घरांत जिला अमृतवेल म्हणतात तिचे आहे. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी म्हणून तिचा काढा आठवडेच्या आठवडे घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी कावीळ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतील बऱ्याच जणांचा आजार स्वप्रतिकारक यकृतदाहासारखा, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा दिसत होता. आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे मत मांडले. वाद काहीही असो, ज्याला आधीपासून मधुमेह, थायरॉइडचा विकार किंवा यकृताचा आजार आहे, त्याने अशी वेल दीर्घकाळ घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बावची, कावा (पॅसिफिक बेटांवरील एक वनस्पती), वजन घटवण्यासाठी विकला जाणारा हिरव्या चहाचा अर्क, काळी मिरी घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा या सर्वांबाबत यकृताच्या अपायाचे अहवाल उपलब्ध आहेत. हिरव्या चहाच्या अर्कातील मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताची एन्झाइमे वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. आमटीतली हळद किंवा सकाळचा कपभर चहा यांविषयी हे बोलणे नाही. प्रश्न आटवलेल्या, घट्ट केलेल्या अर्काचा आहे.

वनस्पती ओळखण्यातील चुकीचाही यात वाटा असतो का?

निश्चितच असतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला तायकिळ्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात आणि त्याच रस्त्याकडेला त्याचा जवळचा नातेवाईक कासविंदाही उगवलेला असतो. तायकिळ्याच्या पानाला साधारणपणे पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाशी गोलसर असतात, तर कासविंद्याच्या जोड्या जास्त असून पर्णिका निमुळत्या, टोकदार असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदू अशा तिन्हींवर आघात करणारा आजार वर्षानुवर्षे होत असे. तपासाअंती त्याचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी जोडण्यात आला. बाजारात मिळणाऱ्या सुक्या पुडीत पान अखंड नसते, त्यामुळे तिथे अशी ओळख पटवण्याची सोयच उरत नाही.

धातूंची भेसळ हा वेगळा विषय आहे. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

अपाय नेमका कसा घडतो?

आतड्यांतून शोषलेले जवळपास सर्व काही प्रथम यकृतात पोहोचते आणि तिथल्या सायटोक्रोम गटातील एन्झाइमांकडून त्याचे रूपांतर होते. बहुतेक वेळा या रूपांतराने द्रव्य निरुपद्रवी होते, पण काही द्रव्ये मात्र याच टप्प्यावर अत्यंत क्रियाशील बनतात आणि पेशीतील प्रथिनांना चिकटतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. तो संपला की पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा होते, पेशी मरतात, त्यांच्या अवशेषांमुळे दाह भडकतो आणि हे दीर्घकाळ चालले तर यकृतात तंतू साचू लागतात. खुळखुळ्यासारख्या वनस्पतींतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडे मात्र यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करतात, रक्ताची वाट अडते आणि पोटात पाणी साठते. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळलेले धान्य खाण्यात आल्याने अशा आजाराची साथच आली होती.

एक भेद येथे नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढील सर्व चर्चा त्यावर अवलंबून आहे. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारखा अपाय मात्रेवर ठरतो. पुरेशी मात्रा घेतली तर तो कोणालाही होईल. वनौषधींचे बहुतेक अपाय असे नसतात. शंभर जण तोच काढा पितात, नव्याण्णव जणांना काही होत नाही आणि एखाद्यालाच कावीळ होते, कारण त्याची जनुकीय ठेवण आणि प्रतिकारयंत्रणा त्या द्रव्याला वेगळा प्रतिसाद देते. हळदीच्या कॅप्सूल आणि हिरव्या चहाच्या अर्काने यकृत बिघडलेल्या रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा आढळला आहे. अशा व्यक्तीला आपण त्या गटात आहोत हे आधी कळत नाही.

समुद्रातील कोणत्या द्रव्यांचा यकृतरक्षणासाठी अभ्यास होत आहे?

सर्वाधिक अभ्यास फ्यूकॉइडानचा झाला आहे. तपकिरी समुद्री शेवाळाला जो बुळबुळीतपणा असतो त्यात हे गंधकयुक्त बहुशर्करा द्रव्य असते आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ हाराल्ड कायलिन यांनी १९१३ मध्ये ते प्रथम वेगळे केले. हणजुणे, वागातोर किंवा काब द रामच्या खडकांवर ओहोटीला सारगॅसमचे जे तपकिरी झुपके दिसतात, त्या गटातील शेवाळांतही ते असते. त्याच शेवाळांना तपकिरी रंग देणारे फ्यूकोझँथिन हे दुसरे द्रव्य. तिसरे अ‍ॅस्टाझँथिन आहे आणि ते गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरात डोळ्यांना दिसते. करड्या रंगाची सुंगटे तव्यावर पडताच केशरी होतात, कारण कच्च्या सुंगटांच्या कवचात अ‍ॅस्टाझँथिन एका प्रथिनाला बांधलेले असते आणि उष्णतेने ते प्रथिन मोडले की मूळ रंग मोकळा होतो. गोळ्यांमधील अ‍ॅस्टाझँथिन मात्र बहुधा गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म शैवालापासून काढलेले असते, त्यामुळे ‘समुद्री’ हे विशेषण तिथे तपासून घ्यावे.

याशिवाय बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ मेदाम्ले, तिसऱ्या व माणक्यांत मुबलक असलेले टॉरिन, कोळंबीच्या टरफलांतील कायटिनपासून केलेले कायटोसान, समुद्री काकडीतील द्रव्ये आणि माशांच्या प्रथिनांचे लहान तुकडे यांवर काम सुरू आहे.

ही द्रव्ये यकृतात काय करतात?

प्रयोगशाळेतील निरीक्षणे बरीच एकसारखी आहेत. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक नियामक प्रथिन असते. एरवी ते बांधून ठेवलेले असते आणि पेशीवर ताण आला की सुटून केंद्रकात जाते व ग्लुटाथायोन तयार करणाऱ्या आणि विषारी कण निष्प्रभ करणाऱ्या अनेक जनुकांना चालना देते. फ्यूकॉइडान, फ्यूकोझँथिन आणि अ‍ॅस्टाझँथिन ही तिन्ही द्रव्ये उंदरांमध्ये ही यंत्रणा जागी करतात. दाह पसरवणाऱ्या संकेतमार्गांना ती आवर घालतात आणि तंतू निर्माण करणाऱ्या पेशींची हालचाल कमी करतात. फ्यूकॉइडानचे रेणू प्रचंड असल्याने ते आतड्यांतून फारसे शोषले जात नाहीत. म्हणून त्याचा परिणाम काही अंशी आतड्यांतील जिवाणूंमध्ये बदल घडवून आणि यकृताकडे जाणारी जिवाणूजन्य विषे कमी करून होत असावा, असे मानले जाते. टॉरिनचे काम अधिक परिचित आहे. ते पित्ताम्लांशी जोडले जाते आणि त्यांना कमी दाहक, पाण्यात विरघळणारे रूप देते.

परिणाम इतके आशादायक असतील, तर डॉक्टर ही द्रव्ये का लिहून देत नाहीत?

कारण उंदरावरील प्रयोग आणि दवाखान्यात आलेला रुग्ण यांच्यात फार मोठे अंतर आहे. बहुतेक प्रयोगांत आधी काही दिवस किंवा आठवडे संरक्षक द्रव्य दिले जाते आणि नंतर पॅरासिटामॉलची जबर मात्रा किंवा कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृताला इजा केली जाते. माणसाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. तो डोळे पिवळे झाल्यावर येतो, तेव्हा इजा होऊन गेलेली असते. शिवाय आधी दिलेले द्रव्य कधी कधी यकृताला वाचवत नाही, तर पॅरासिटामॉलला विषारी बनवणारे एन्झाइमच रोखून धरते. अशा वेळी प्रयोगाचा निकाल उत्तम दिसतो, परंतु वेगळ्या मार्गाने अपाय करणाऱ्या वनस्पतीपुढे त्याचा काहीच उपयोग नसतो.

वर सांगितलेला भेद इथे निर्णायक ठरतो. प्रयोगशाळेतील इजा मात्रेवर अवलंबून असते, तर वनौषधींची इजा बहुधा व्यक्तीच्या प्रतिकारयंत्रणेवर. ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करणारे द्रव्य पहिल्या प्रकारात उपयोगी पडले, म्हणून दुसऱ्या प्रकारातही पडेल असे गृहीत धरता येत नाही. एनआरएफ-२ ला चालना मिळाल्याने एचएलए-बी ३५:०१ असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा शांत होते, असे कोणी दाखवलेले नाही.

मात्रेचाही हिशेब करून पाहावा. उंदराला प्रति किलो २०० मिलिग्रॅम दिले असतील, तर रूढ पद्धतीने १२.३ ने भागून माणसासाठी प्रति किलो सुमारे १६ मिलिग्रॅम येतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला रोज जवळपास एक ग्रॅम. कॅप्सूल हातात घेतली की आधी वेष्टनावर शुद्ध फ्यूकॉइडान किती मिलिग्रॅम आहे ते पाहावे. ‘शेवाळाचा अर्क’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही, कारण शेवाळाची जात, ते काढल्याचा हंगाम आणि अर्क काढण्याची रीत यांनुसार फ्यूकॉइडानचे प्रमाण आणि त्याची रचना दोन्ही बदलतात.

माणसांवर काहीच पुरावा नाही का?

थोडा आहे, पण तो वेगळ्या आजारांचा आहे. फॅटी लिव्हर आणि हिपॅटायटिस सी यांमध्ये फ्यूकॉइडानच्या लहान चाचण्या झाल्या आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने समुद्री शेवाळापासून ‘कॅडलमिन लिव्हक्युअर एक्स्ट्रॅक्ट’ हे उत्पादन विकसित केले आहे, तेही फॅटी लिव्हरसाठी. समुद्रातील पदार्थ यकृताच्या इजेसाठी दवाखान्यात खऱ्या अर्थाने पोहोचल्याचे उत्तम उदाहरण माझ्या मते माशाच्या तेलाचे आहे. ज्या अर्भकांना दीर्घकाळ शिरेतून पोषण द्यावे लागते त्यांच्या यकृतात पित्त साचते. अशा मुलांसाठी माशाच्या तेलाचे ओमेगाव्हेन हे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मंजूर केले. मात्र मंजुरी त्या विशिष्ट स्थितीतील मुलांना ऊर्जा आणि मेदाम्ले पुरवण्यासाठी आहे, झाडपाल्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून नव्हे.

समुद्री जीवांपासून आलेली सायटाराबिन, झिकोनोटाइड, ट्राबेक्टेडिन आणि एरिब्युलिन ही औषधे आज वापरात आहेत. त्यांतील एकही यकृतरक्षक नाही.

समुद्रातील द्रव्य नैसर्गिक आहे, मग घेऊन पाहण्यात तोटा काय?

काढ्याबद्दलही हेच म्हटले गेले होते. ट्राबेक्टेडिन हे समुद्री सजीवापासून मिळालेले कर्करोगाचे औषध आहे आणि त्याच्या ज्ञात दुष्परिणामांत यकृताची इजा ठळकपणे नोंदवलेली आहे. फ्यूकॉइडानचा गुण हेपारिनसारखा, रक्त न गोठू देणारा आहे. यकृत बिघडल्यावर रक्त गोठवणारे घटक आधीच कमी पडतात, त्यात वॉर्फरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. तपकिरी शेवाळात आयोडीन फार असते आणि ते थायरॉइड बिघडवू शकते. हिजिकी या शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतके आढळले की २००४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊ नये असे सांगितले. निळ्या-हिरव्या शैवालाच्या गोळ्यांत नको त्या जाती मिसळल्या, तर मायक्रोसिस्टिन हे थेट यकृतावर घाव घालणारे विष त्यांत येऊ शकते. कॉड लिव्हर ऑइल भरमसाट घेतल्यास अ जीवनसत्त्व साचून यकृतालाच त्रास होतो. सुंगटे किंवा तिसऱ्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी त्यांपासून काढलेली पूरके टाळावीत.

किनाऱ्यावरचे शेवाळ आणून घरी वाळवून घेतले तर चालेल का?

नाही. शेवाळ पाण्यातील जड धातू शोषून स्वतःत साठवते आणि मांडवी-जुवारीच्या मुखांभोवतीच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचे रंग व तेल मिसळत असते. धुतल्याने पेशीत साठलेला धातू निघत नाही.

काढा चालू असताना खबरदारी म्हणून ही कॅप्सूल सोबत घ्यावी का?

घेऊ नये. संरक्षण मिळते असा पुरावा नाही, पण आपण सुरक्षित आहोत ही भावना मात्र निर्माण होते आणि काढा थांबवायला उशीर होतो. दुसरे असे की, एकाच वेळी दोन-तीन पदार्थ चालू असले आणि कावीळ झाली, तर कारण कोणते हे ठरवणे तज्ज्ञांनाही अवघड होते.

अपाय झाल्याची शंका केव्हा घ्यावी आणि अहवाल कसा वाचावा?

अकारण थकवा, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी काढा, चूर्ण, गोळ्या सर्व बंद करावे आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी. समजा, अहवालात एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) ८०० आहे व तिची वरची मर्यादा ४० आहे, आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा प्रवाह अडला की वाढणारे एन्झाइम) २४० आहे व तिची मर्यादा १२० आहे. पहिली मर्यादेच्या २० पट, दुसरी २ पट. २० ला २ ने भागले की १० येतात. हा आकडा ५ किंवा त्याहून अधिक असेल तर मुख्य इजा यकृतपेशींना आहे, २ किंवा त्याहून कमी असेल तर पित्ताचा प्रवाह अडला आहे आणि मधला असेल तर दोन्ही. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीहून अधिक आणि बिलिरुबिन (काविळीत पिवळेपणा आणणारे द्रव्य) दुपटीहून अधिक असेल, तर अशा औषधजन्य इजेत सुमारे दहापैकी एका रुग्णाचा मृत्यू होण्याचा किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागण्याचा धोका असतो. असा अहवाल हातात पडल्यावर घरी थांबू नये. बोलण्यात गोंधळ, दिवसा गुंगी किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर थेट बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

मग उपचार काय करतात?

सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे संशयित पदार्थ बंद करणे, आणि बऱ्याच रुग्णांना एवढ्याने काही आठवड्यांत उतार पडतो. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांची तपासणी व सोनोग्राफी करून इतर कारणे वगळली जातात. स्वप्रतिकारक स्वरूप दिसले तर स्टेरॉइडचा विचार होतो. एन-असिटिलसिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरील सिद्ध औषध ग्लुटाथायोनचा साठा भरून काढते. इतर कारणांच्या तीव्र यकृतनिकामीपणातही ते सुरुवातीच्या टप्प्यात दिल्यास प्रत्यारोपणाशिवाय जगण्याचे प्रमाण वाढते, असे २००९ च्या एका चाचणीत दिसले. समुद्री द्रव्यांना याच कसोटीवर उतरायचे आहे. इजा झाल्यानंतर दिल्यावर माणसे वाचतात का, हे पाहावे लागेल.

काविळीत मासे बंद करावेत का?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो आणि घरातील वडीलधारी मंडळी बहुधा मासे बंद करून पेजेवर ठेवतात. मळमळ असेल तेव्हा पेज योग्यच आहे, परंतु आठवडेच्या आठवडे प्रथिने तोडल्याने शरीर खंगते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर कमी तेलात शिजवलेला ताजा मासा चालतो. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कालव, तिसऱ्या, शिनाणे मात्र यकृताचा आजार असलेल्याने कधीही खाऊ नयेत, कारण कोमट खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू अशा रुग्णात रक्तात पसरून झपाट्याने प्राणघातक ठरतो. शिंपले उघडेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही काही मिनिटे उकळू द्यावेत.

गोव्यात या विषयावर काम होऊ शकेल का?

अनुकूल परिस्थिती इथे आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून हिंदी महासागराचा आणि त्यातील जीवांच्या रसायनशास्त्राचाही अभ्यास करत आली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाले आणि बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय आहेच. शेवाळ ओळखणारे, वनौषधी जाणणारे आणि कावीळ झालेला रुग्ण तपासणारे असे तिघेही एवढ्याशा राज्यात आहेत. मला सर्वांत निकडीचे वाटते ते काम नव्या कॅप्सूलचे नाही. गोव्यात कोणत्या काढ्यामुळे किती जणांचे यकृत बिघडते, याची नीट नोंद प्रथम व्हायला हवी.

अपायाची नोंद कोठे करावी?

भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. आयुष औषधांसाठी वेगळी व्यवस्था आहे आणि तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. डॉक्टरांकडे जाताना उरलेली पुडी, बाटली किंवा मुळी फेकून न देता सोबत न्यावी. ती कोणाकडून घेतली, किती दिवस घेतली, काढा किती पाण्यात किती आटवला आणि त्या काळात दुसरी कोणती औषधे चालू होती, हे कागदावर लिहून न्यावे. पुडीवर नाव नसेल तर तिचा थोडा भाग कोरड्या डबीत तारीख घालून ठेवावा, म्हणजे वनस्पतीची ओळख नंतरही पटवता येते.